पोलंडमधल्या शाळेतली कवितापठण स्पर्धा: पहिल्यांदा उतरणाऱ्या मराठी मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

व्रोत्स्वाफ असो, क्राकुफ असो की वॉर्सा, मूल पोलिश शाळेत जात असेल तर कधी ना कधी लिब्रुसवर, म्हणजे शाळेच्या ऑनलाइन डायरीत, 'कोन्कुर्स रेत्सितातोर्स्की' असा निरोप येतोच. पोलिश कवितेची किंवा गद्याच्या उताऱ्याची ही पठण स्पर्धा. मराठी घरात मग दोनपैकी एक गोष्ट होते. 'आपल्या पोराचं पोलिश कुठे एवढं' म्हणत निरोप बाजूला पडतो, नाहीतर शाळेत असताना वक्तृत्वाची ढाल मिळवलेलं घरातलं कुणीतरी बाह्या सरसावून पोराला हातवारे शिकवायला बसतं. पहिल्याने संधी जाते, दुसऱ्याने मूल पहिल्याच फेरीत गारद होतं.

का, ते आधी समजून घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. पोलंडमध्ये या कलेला फार मान आहे आणि तिचा कल संयमाकडे आहे. 1941 साली, जर्मन ताब्यातल्या क्राकुफमध्ये पोलिश रंगभूमीवर बंदी असताना, मिएचिस्वाफ कोत्लार्चिक यांनी चोरून एक नाटक मंडळी चालवली, तेआत्र राप्सोदिच्नी. प्रयोग लोकांच्या घरात व्हायचे. नेपथ्य जवळपास नाही, हालचाल मोजकी, जे काही करायचं ते शब्दाने. त्या मंडळीत कारोल वोयतिवा नावाचा एक तरुण होता, पुढे तोच पोप जॉन पॉल दुसरे झाला. त्याच्या गावी, वादोवित्सेला, शाळेत असताना तो अशाच एका पठण स्पर्धेत उतरला होता. नॉर्विद या कवीची 'प्रोमेथिदिओन' ही भल्याभल्यांना घाम फोडणारी रचना म्हणून त्याने दुसरा नंबर मिळवला. पहिली आली हालिना क्रुलिक्येविच. तीही पुढे त्याच मंडळीत गेली आणि नामांकित अभिनेत्री झाली. (दुसऱ्या नंबरावर रडणाऱ्या पोरांना हा किस्सा जरूर सांगावा.)

तात्पर्य, परीक्षकांच्या कानाला सवय आहे ती शब्द तोलून बोलणाऱ्यांची. बोलणाऱ्याला ओळ कळली आहे की नाही, हे ते आधी ऐकतात. दमदार आवाज असला तर उत्तम, पण त्यावर गुण मिळत नाहीत.

स्पर्धा नेमकी कोणती, ते बघा

निरोपासोबत 'रेगुलामिन' जोडलेलं असतं, म्हणजे नियमावली. ती भाषांतराच्या ॲपमधून का होईना, पण पूर्ण वाचा. वरवर सारख्या दिसणाऱ्या तीन-चार वेगळ्या स्पर्धा असतात. 'रेत्सितात्स्या' म्हटलं की मजकूर पाठ हवा. 'ग्वोश्ने चितान्ये' किंवा 'पिएंक्ने चितान्ये' असेल तर हातात पुस्तक धरून वाचायचं असतं, बऱ्याचदा एखादा न पाहिलेला उताराही आयत्या वेळी देतात. एका माणसाचं नाटक वेगळं, गायलेली कविता वेगळी, गटाने करायचं सादरीकरण वेगळं. मोठ्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी 1950च्या दशकापासून चालत आलेली देशपातळीवरची स्पर्धा आहे, ओगुल्नोपोल्स्की कोन्कुर्स रेत्सितातोर्स्की. तिच्यातही असेच वेगवेगळे विभाग आहेत.

नियमावलीत या गोष्टींवर पेन्सिलीने खूण करा: वयोगट, किती रचना (एक कविता, की कविता आणि गद्य दोन्ही), वेळेची मर्यादा, फक्त पोलिश लेखक चालतात की भाषांतरंही, वेशभूषा-संगीत-वस्तू चालतात का, आणि 'कार्ता ज्ग्वोशेन्या' म्हणजे नोंदणीचा फॉर्म कधीपर्यंत द्यायचा. फॉर्मबरोबर पालकांच्या संमतीचा कागद असतो. त्यावर सही राहिली तर मूल कितीही तयार असलं तरी अडकतं.

शाळेची फेरी, मग गावाची, मग जिल्ह्याची, मग प्रांताची, अशी ही चढण असते. वरच्या फेऱ्या बहुधा 'दोम कुल्तुरी'त, म्हणजे सांस्कृतिक केंद्रात किंवा वाचनालयात होतात. परीक्षकांत पोलिश शिकवणारी एखादी शिक्षिका, एखादा नट किंवा नटी, केंद्रातली एखादी प्रशिक्षक असे लोक बसतात. गुणांचे निकष जवळपास सगळीकडे सारखेच दिसतील: मजकुराची निवड, अर्थाची मांडणी, उच्चार आणि बोलण्याची स्वच्छता, एकूण परिणाम.

निवड: निम्मी लढाई इथेच

निवडीला निकषांत पहिलं स्थान उगाच दिलेलं नाही. मुलाच्या वयाला, स्वभावाला आणि आज त्याला येणाऱ्या पोलिशला झेपेल असा मजकूर हवा. 'अवघड घेतलं की छाप पडते' हा समज सोडून द्या. दहा वर्षांच्या मुलीने युद्धातल्या मृत्यूवरची कविता डोळे मिटून म्हटली की परीक्षक सभ्यपणे मान हलवतात आणि वहीत कमी गुण लिहितात.

लहान मुलांसाठी पहिला हात जातो युलियान तुविमच्या 'लोकोमोतिवा'कडे. कविता अप्रतिम आहे, पण परीक्षकांनी ती आयुष्यात इतक्या वेळा ऐकलेली असते की त्यांना ती पाठ असते. घ्यायचीच असेल तर रचना समजून घ्या. कवितेच्या मोठ्या भागात इंजिन उभंच असतं: घामाघूम, धापा टाकत. मागे चाळीसेक डबे. एकात गायी, एकात घोडे, तिसऱ्यात सॉसेज खात बसलेले जाडे लोक, चौथ्यात केळी, पाचव्यात सहा पियानो. गाडी हलते ती फार नंतर, तीही आधी कासवाच्या गतीने. मुलं करतात काय, तर पहिल्या ओळीपासून गाडी सुसाट सोडतात आणि ती खरंच सुटते तेव्हा वेग वाढवायला जागाच उरत नाही. डब्यांची यादी डोळ्यांनी एकेक डबा बघत म्हणायची: केळी बघून वाटणारं नवल वेगळं, तोफ बघून वाटणारी दचक वेगळी. वेग राखून ठेवायचा तो शेवटासाठी.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला इग्नात्सी क्राशित्स्कीच्या नीतिकथा घ्याव्यात. 1779 साली आलेल्या या पद्यकथांपैकी काही जेमतेम चार ओळींच्या आहेत. 'प्ताश्की फ क्लात्से' बघा: पिंजऱ्यातला तरुण पक्षी म्हाताऱ्याला विचारतो, रडतोस कशाला, इथे शेतापेक्षा बरं आहे की. म्हातारा म्हणतो, तू इथेच जन्मलास, म्हणून तुला माफ. मी मोकळा होतो. झालं, संपली कथा. पाठ करायला पाच मिनिटं आणि नीट म्हणायला महिना, असा हा मजकूर. तरुण पक्ष्याचा प्रश्न खरोखरचा, भाबडा वाटला पाहिजे. त्याला मूर्ख ठरवून म्हटलात तर म्हाताऱ्याच्या उत्तराचं वजनच जातं.

विनोदी गद्य हवं असेल तर स्तानिस्वाफ लेमची एक गोष्ट आहे: एक यंत्र, जे फक्त 'न'पासून सुरू होणाऱ्या वस्तू बनवू शकतं आणि शेवटी त्याला 'नित्स', म्हणजे 'काहीच नाही', बनवायला सांगतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना ती फार आवडते, आणि शब्दांची मजा अशी की भाषा नव्याने शिकणाऱ्याला उलट ती जास्त जाणवते. मोठ्यांसाठी विस्वावा शिम्बोर्स्का आहे. साधे शब्द, रोजची वाक्यं, आणि आत दडलेली टोचणी. साधे दिसतात म्हणून तिच्या कविता सोप्या समजू नका. त्या ओरडून म्हणता येत नाहीत आणि कुजबुजूनही नाही, स्वयंपाकघरात बोलावं तशा बोलाव्या लागतात.

परदेशात वाढणाऱ्या मुलाने हेन्रिक शेन्क्येविचच्या 'लातार्निक'चा (1881) विचार करावा. स्काविन्स्की नावाचा म्हातारा पोलिश माणूस, जगभर भटकून थकलेला, पनामाच्या किनाऱ्यावर दीपगृहात नोकरी धरतो. एक दिवस पार्सलमधून पोलिश पुस्तकं येतात. तो मित्स्क्येविचचं 'पान तादेउश' हे महाकाव्य मोठ्याने वाचू लागतो, रडतो, हरवून जातो आणि त्या रात्री दिवा लावायचाच विसरतो. नोकरी जाते. एका माणसाने कविता मोठ्याने वाचण्याचा हा प्रसंग खुद्द कथेच्या पोटातच आहे, त्यामुळे पठणासाठी याहून चपखल गद्य सापडणं कठीण. आणि घर कोल्हापूरकडचं असेल तर एक धागा आपल्याकडेही आहे. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याला जवळपास पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यात बायका आणि मुलंच जास्त. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकंही होत. हे शिक्षिकेला सांगून बघा. 'हाच उतारा का निवडलास' असं कुणी विचारलं तर मुलाकडे खरं उत्तर असेल.

जुने मजकूर वोल्ने लेक्तुरी या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात मिळतात, बऱ्याच पुस्तकांचं ध्वनिमुद्रणही असतं. ध्वनिमुद्रण उच्चार पडताळायला ऐका. त्या नटाची नक्कल मात्र करू देऊ नका. नक्कल दोन ओळींत ओळखू येते.

गद्य कापायला सहसा हरकत नसते. पानभर वर्णन गाळून संवाद जोडलात तरी चालतं, फक्त उताऱ्याला स्वतःची सुरुवात आणि शेवट हवा. कवितेच्या ओळी मात्र बदलायच्या नाहीत, मधलं कडवंही उडवायचं नाही.

आधी मराठीत सांगून दाखवा

पाठांतराला लगेच बसू नका. मुलाने सगळा मजकूर ओळ-ओळ करून आजीला फोनवर मराठीत सांगावा. आजी 'म्हणजे काय रे?' असं विचारेल ती जागा कच्ची. तीच ओळ पोलिशमध्येही कच्ची निघणार, हे धरून चाला. मग तीन प्रश्न: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि आत्ताच का बोलतंय? कवितेत बोलणारा म्हणजे कवी नव्हे, हे पोलिश शाळेत फार आधीपासून शिकवतात आणि परीक्षक त्याबाबत काटेकोर असतात. शिम्बोर्स्काच्या एका प्रसिद्ध कवितेत माणूस गेल्यावर रिकाम्या घरात उरलेल्या मांजराचं मन आहे. मांजराला मृत्यू कळत नाही, त्याला नेहमीचा माणूस वेळेवर आला नाही एवढंच कळतं. ती कविता शोकगीतासारखी गळा काढून म्हटली की सगळं फसलं. मांजर रुसलेलं आहे. रडायचं काम ऐकणाऱ्यांवर सोडा.

जीभ: आपल्याला काय फुकट मिळालंय आणि काय कमवायचंय

इथे मराठी मुलं उगाच घाबरतात. पोलिश 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांवर लागतात. 'तादेउश' म्हणायचं, 'टाडेउश' नाही. हा ट-ड इंग्रजी शाळेतून येतो, तो तिथेच परत पाठवा. प, त, क म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटत नाही, तेही आपल्याला आपोआप जमतं. 'र' कंप पावणारा, आपलाच. आणि 'चाक', 'चूल' यांतला च, 'जाळं' यातला ज हे पोलिशमध्ये जसेच्या तसे आहेत. रात्रीला 'नोत्स' म्हणतात, त्यातला शेवटचा आवाज 'चाक'मधला च.

खरी मेहनत दुसरीकडे आहे. पोलिशमध्ये श-वर्गाच्या दोन वेगळ्या जोड्या आहेत. एकीत जीभ थोडी मागे, वर वळलेली, म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकातला ष. दुसरीत जीभ टाळूला सपाट टेकलेली, हसऱ्या ओठांचा श. आपण लिहिताना श-ष वेगळे लिहितो पण बोलताना दोन्ही एकच करून टाकले आहेत. पोलिशमध्ये 'काषा' म्हणजे शिजवलेलं भरड धान्य आणि 'काशा' म्हणजे मुलीचं लाडकं नाव. चुकलात तर मुलीला लापशी म्हणाल. (वाचायला सोपं जावं म्हणून बाकी लेखात सगळीकडे श लिहिला आहे.)

दुसरी अडचण व. पोलिशमध्ये एक व खालच्या ओठाला दात लावून, दुसरा ओठांचा चंबू करून. 'वाता' दातांनी म्हटलं तर कापूस, ओठांनी म्हटलं तर ठिगळ. आपला मराठी व या दोन्हींच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. आरशासमोर बसून दात दिसतात का बघा, चार दिवसांत फरक पडतो.

तिसरी, इ आणि उ यांच्या मधला एक बसका स्वर. तो नीट न काढता नुसता 'इ' केला तर 'असणं'चं 'मारणं' होतं, इतका त्याचा फरक आहे. चौथी, शब्दाच्या शेवटी घोष व्यंजनं विझतात: पाव म्हणजे 'ख्लेप', लिहिताना शेवटी ब असला तरी. आणि पाचवी, शब्दाच्या शेवटचा नाकातला 'एं'. नवखी मुलं पुस्तकात अक्षराखाली शेपटी दिसली की नाकातून जोर लावतात. 'कृपया' या अर्थाचा शब्द साधा 'प्रोशे' असाच म्हणतात. 'प्रोशेंऽऽ' केलं की परीक्षकांना ते बेगडी वाटतं.

आघात शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, थोडे अपवाद सोडून. 'मूझिका' (संगीत) हा त्यातला एक, त्यात पहिल्या अक्षरावर. आपण मराठीत सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो, त्यामुळे पोलिश ओळ आपल्या तोंडी सपाट होते. पेन्सिलीने आघाताची अक्षरं अधोरेखित करून पहिले काही दिवस अतिशयोक्त करून म्हणा, नंतर आपोआप खाली उतरतं.

जोडाक्षरांचा सराव हवा तर यान ब्झेख्वाच्या 'ख्शोंश्च' या कवितेची पहिली ओळ: 'फ श्चेब्झेशिन्ये ख्शोंश्च ब्झ्मी फ त्शचिन्ये.' श्चेब्झेशिन गावातल्या वेतात भुंगा गुणगुणतो, एवढाच अर्थ. त्या गावाने भुंग्याचा पुतळाही उभारला आहे. आपली मुलं मधे छोटे छोटे अ घुसवतात, 'श्चेबझेशिन्ये' करतात. हळू म्हणा, पण अ घुसवू नका. दातात बाटलीचं बूच धरून बोलायचा व्यायामही इथे जुना आहे. थोडा वेळ ठीक, जबडा दुखेपर्यंत नको.

कागदावरच्या खुणा

आता मजकूर मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर अंतर ठेवून छापा. श्वासासाठी एक उभी रेघ, मोठ्या थांब्यासाठी दोन, वाक्यातल्या मुख्य शब्दाखाली रेघ. एका वाक्यात मुख्य शब्द एकच. सगळेच शब्द महत्त्वाचे वाटत असतील तर वाक्य अजून कळलेलं नाही.

'पान तादेउश' (पॅरिस, 1834) घेणाऱ्यांनी ही जागा नीट बघा. त्याच्या प्रत्येक ओळीत तेरा अक्षरं, सातव्यानंतर यती, म्हणजे छोटा थांबा. 'लित्वो! ओय्चिज्नो मोया!' ही सात आणि 'ति येस्तेश याक ज्द्रोव्ये' ही सहा. लिथुएनिया, माझ्या मायभूमी, तू आरोग्यासारखी आहेस. पोलंडच्या राष्ट्रीय महाकाव्याची सुरुवात लिथुएनियाला हाक मारून होते, कारण एकेकाळी हे एकच राज्य होतं. मुलाने शिक्षिकेला विचारण्याआधी हे माहीत असू द्या. पुढे कवी म्हणतो: तुझी किंमत किती, हे त्यालाच कळतं, आणि ओळ संपते. वाक्य मात्र संपत नाही. 'ज्याने तुला गमावलं' हे शब्द खालच्या ओळीत येतात आणि तिथे चार अक्षरांवर पूर्णविराम पडतो. नवखा मुलगा यमक आलं की थांबतो, सूर खाली टाकतो आणि 'गमावलं' हा शब्द अनाथासारखा पुढच्या ओळीत राहून जातो. करायचं असं: ओळीच्या शेवटी सूर वरच ठेवा, श्वास न घेता खाली उतरा, 'स्त्राचिव' (गमावलं) म्हणा आणि मग थांबा. चांगला मोठा थांबा. त्या एका विरामात परीक्षकांना कळतं की मुलाला छंदही कळला आहे आणि अर्थही. तेरा अक्षरांची झुलती लय ती स्वतःच सांभाळते, आपण मुद्दाम झुलवायची नसते.

गद्यात खुणा वेगळ्या पडतात. बोलेस्वाफ प्रूसची 'कामिझेल्का' (1882) घ्या. एक गरीब जोडपं, नवरा क्षयाने खंगत चाललेला. त्याच्या जुन्या वेस्टकोटाला मागे पट्टा आणि बक्कल आहे. आपण रोज बारीक होतोय हे बायकोला कळू नये म्हणून नवरा रोज बक्कल सरकवून वेस्टकोट घट्ट करतो. एक दिवस तो तिला ही लबाडी कबूल करतो आणि आनंदाने सांगतो, की आज उलट पट्टा सैल करावा लागला, म्हणजे मी जाड व्हायला लागलो! खरं हे की त्याला धीर यावा म्हणून बायको गुपचूप पट्टाच कापून आखूड करत होती. हे वाचकाला कळतं अगदी शेवटी. आता पठणाचा प्रश्न: नवऱ्याची कबुली ऐकताना बायकोच्या वाक्यांत तिचं गुपित आवाजातून फोडायचं का? बहुतेक मुलं फोडतात, हुंदका देतात. फोडू नका. ती नवऱ्याला पटेल अशीच बोलते, नाहीतर तो फसला नसता. फक्त तिच्या उत्तराआधी नेहमीपेक्षा किंचित जास्त थांबा, एक रेघ जादा. शेवटचा परिच्छेद ऐकल्यावर ऐकणाऱ्याला तो थांबा आठवेल.

दोन पात्रांचे संवाद एकट्याने म्हणताना आवाज बदलून बाई-बुवा करू नका. नजरेची दिशा थोडी बदला, वेग थोडा बदला, पुरतं.

दोघांनी मिळून करायचं असेल तर

गटात भाग घेता येत असेल तर अलेक्सांदेर फ्रेद्रोच्या 'झेम्स्ता' या सुखात्मिकेतला पत्राचा प्रसंग दोन मुलांना सोन्यासारखा आहे. तापट चेश्निक आपल्या म्हाताऱ्या नोकराला, दिंदाल्स्कीला, एका तरुणीच्या नावाने खोटं पत्र सांगतो आहे. चेश्निकला दर दोन शब्दांनी 'मोचुम पाने' म्हणायची खोड, आपल्याकडच्या 'काय समजलेत?'सारखी. इमानदार दिंदाल्स्की ती खोडही पत्रात लिहून घेतो. शिवाय शाईचा डाग पडतो, तर त्यालाही तो अक्षराचा आकार देऊन टाकतो. हसू कुठून येतं बघा: चेश्निक चिडतो म्हणून नव्हे, दिंदाल्स्की जराही गडबडत नाही म्हणून. दिंदाल्स्की करणाऱ्या मुलाने अजिबात विनोदी व्हायचं नाही. ओळी आठ अक्षरी, टपटप पडणाऱ्या. एकाने संपवताच दुसऱ्याने उचलली पाहिजे. मधे अर्धा सेकंद गेला तरी गंमत गळून पडते, म्हणून या प्रसंगाचा सराव बसून, टेबलावर टकटक करत करावा.

सराव

रोज थोडा, पण मोठ्याने. मनात म्हटलेलं धरू नका. निम्मे दिवस गेले की फोनवर रेकॉर्ड करा आणि न बघता फक्त ऐका. कुठे कंटाळा आला तिथे खूण करा. वेळही तेव्हाच मोजा. मर्यादेच्या काठावर येत असेल तर गद्यातलं काहीतरी कापा, वेग वाढवून बसवू नका.

आईबाबांचं पोलिश बेताचं असेल तर उच्चार तपासायला माणूस शोधा. शाळेच्या वाचनालयातल्या बाई, 'श्व्येत्लित्सा'तल्या, म्हणजे शाळेनंतर मुलांना सांभाळणाऱ्या बाई, वरच्या मजल्यावरच्या आजीबाई. पोलिश म्हाताऱ्या माणसांना शाळेतल्या कविता पाठ असतात आणि परक्या मुलाच्या तोंडून त्या ऐकायला त्यांना मनापासून आवडतं. सुरुवात 'प्रोशे पानी' म्हणून करायची, थेट नावाने हाक मारायची नाही. दारावर पूर्ण परकं मूल पाठवू नका, आधी आपण ओळख करून द्या, जाताना चकलीचा डबा न्या.

हातांचं काय करायचं, हा आपल्याकडून येणारा कायमचा प्रश्न. काही नाही. बाजूला सोडा. सूर्य म्हटलं की वर बोट, हृदय म्हटलं की छातीवर हात, हे इथे बालवाडीत संपतं. एखादी हालचाल बोलता बोलता आपोआप झाली तर ती राहू दे.

त्या दिवशी

कपडे साधे: पांढरा शर्ट किंवा ब्लाउज, खाली काळी किंवा गडद निळी पँट वा स्कर्ट. शाळेच्या समारंभाचा हा नेहमीचा पोशाख आहे. बदकाची कविता म्हणून पिवळी चोच लावून येणारं एखादं मूल दिसतंच. नियमात बंदी नसली तरी परीक्षकांचं लक्ष चोचीकडे जातं.

मंचावर गेल्यावर आधी उभे राहा, एक श्वास घ्या, मग लेखकाचं पूर्ण नाव, छोटा विराम, रचनेचं नाव. 'अमक्याची कविता' असं पूर्ण वाक्य करायला गेलात तर पोलिशमध्ये लेखकाचं नाव विभक्तीने बदलतं आणि पहिल्याच वाक्यात पाय घसरतो. नुसतं 'युलियान तुविम. लोकोमोतिवा.' पुरेसं आहे. नावानंतर पुन्हा विराम, त्यात बोलणारा बदलतो: आतापर्यंत आपण होतो, आता कवितेतला माणूस. समोर बघताना परीक्षकांच्या डोळ्यांत रोखून बघू नका, त्यांना लिहायचं असतं. त्यांच्या मागे बसलेल्या कुणा एकाला निवडा आणि त्याला सांगा.

विसरलात तर? भीतीने जीभ अडखळते, तिला इथे 'त्रेमा' म्हणतात आणि ती सगळ्यांना होते. माफी मागू नका, हसू नका. थांबा, श्वास घ्या, चालू वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा धरा. समोरच्याला बऱ्याचदा तो विरामच वाटतो. अगदीच गेलं तर शांतपणे सांगून पुन्हा सुरू करायची परवानगी मागा. लहान गटांत परीक्षक सहसा देतात.

शेवटची ओळ झाली की लगेच पळू नका. दोन क्षण तिथेच राहा, मग किंचित मान झुकवा आणि उतरा.

निकालानंतर

'व्हिरुज्न्येन्ये' मिळालं तर ते उत्तेजनार्थ बक्षीस आहे आणि पहिल्या वर्षी ते पुष्कळ झालं. काही मिळालं नाही तरी निघून जाऊ नका. अनेक स्पर्धांत निकालानंतर परीक्षक मुलांशी बोलतात, कुठे काय कमी पडलं ते सांगतात. मुलाला स्वतः जाऊन विचारू द्या. आपण मागे उभं राहून 'पण आमचा तर उच्चार…' असं सुरू करायचं नाही. परीक्षकांनी सांगितलेलं त्याच संध्याकाळी मजकुराच्या कागदावर लिहून ठेवा, पुढच्या निवडीला उपयोगी पडतं.

पुढची स्पर्धा येईपर्यंत जीभ चालू ठेवायची तर सप्टेंबरच्या सुरुवातीला 'नारोदोव्हे चितान्ये' असतं. 2012 साली 'पान तादेउश'ने सुरू झालेलं हे देशभरातलं जाहीर वाचन. दरवर्षी निवडलेलं साहित्य चौकात, वाचनालयात, शाळेत लोक आळीपाळीने मोठ्याने वाचतात. 2020 साली स्वोवात्स्कीचं 'बालादिना' होतं, 2021 साली गाब्रिएला झापोल्स्काचं 'मोराल्नोश्च पानी दुल्स्कियेय'. तिथे गुण नाहीत, पाठांतर नाही, पुस्तक हातात असतं. सुट्टी संपायच्या आत जवळच्या वाचनालयात जाऊन यंदा काय वाचणार ते विचारा आणि मुलाचं नाव देऊन या. एखादं पान वाचायला मिळेल, कदाचित अर्धंच, पण माइकसमोर आणि अनोळखी माणसांपुढे.